विसंवाद, विवादी, कॉमा आणि वुल्फ: न जुळणाऱ्या स्वरांतरांच्या परिभाषेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गायन शिकणारे विद्यार्थी, पेटीवादक आणि पियानो किंवा गिटार शिकून नंतर रागसंगीताकडे वळलेले वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो: वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गोष्टींसाठी घडलेले शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. उदाहरणांत जेथे कंपनसंख्या दिली आहे, तेथे षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झचा, धरला आहे.

१. विसंवादी आणि बेसूर हे एकच का?

नाही. बेसूर हा दोष आहे आणि विसंवाद हा दोन स्वरांमधला संबंध आहे. गायकाला जो स्वर लावायचा होता तो न लागता थोडा चढा किंवा उतरलेला लागला, तर आपण त्याला बेसूर किंवा कणसूर म्हणतो. हा निर्णय हेतूशी तुलना करून होतो. षड्ज आणि कोमल रिषभ मात्र अगदी अचूक लावून एकत्र छेडले, तरी ते विसंवादीच राहतात आणि त्यात कोणाचीही चूक नसते. एकटा स्वर विसंवादी असू शकत नाही, त्याला दुसरा स्वर लागतोच. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

२. दोन स्वर एकत्र वाजताना कानाला जे खुपते, ते प्रत्यक्षात काय असते?

कोणत्याही तारेचा किंवा रीडचा नाद एकटा नसतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सहायक नाद त्याच्यासोबत निघतात. दोन स्वरांचे सहायक नाद एकमेकांच्या अगदी जवळ आले पण जुळले नाहीत, की आवाज लहान-मोठा होत राहतो. शाळेच्या भौतिकशास्त्रात यालाच विस्पंद म्हणतात. दर सेकंदाला एक-दोन विस्पंद असतील तर आवाज डोलल्यासारखा वाटतो. ते वाढत गेले की खरखर जाणवू लागते.

हे पेटीवर स्वतः ऐकता येते. काळी एक आणि तिचा पंचम एकत्र दाबून भाता अगदी संथ चालवावा. षड्जाची तिप्पट ४१५.८ आणि पेटीवरील पंचमाची दुप्पट ४१५.३ हर्ट्झ येते, म्हणून साधारण दोन सेकंदांत एक हेलकावा ऐकू येतो. आता पंचम सोडून शुद्ध गंधार दाबावा. षड्जाची पाचपट ६९३ आणि गंधाराची चौपट ६९८.५ हर्ट्झ आहे, त्यामुळे सेकंदाला पाचाहून अधिक विस्पंद पडतात आणि आवाज थरथरतो. पेटी चांगली लावलेली असेल तरच हे आकडे येतील, हे मात्र ध्यानात ठेवावे.

विस्पंदांच्या आधारे विसंवादाचे सविस्तर स्पष्टीकरण हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये मांडले. पुढे १९६५ मध्ये प्लोम्प आणि लेव्हेल्ट यांनी साध्या नादांवर प्रयोग करून दाखवले, की दोन नाद एका विशिष्ट पट्ट्याच्या आत आले म्हणजे खरखर जाणवते आणि ती त्या पट्ट्याच्या सुमारे एक चतुर्थांश अंतरावर सर्वाधिक असते. हा पट्टा खर्जात तुलनेने रुंद असतो, म्हणूनच मंद्र सप्तकात षड्ज-गंधार एकत्र वाजवले की घोगरे वाटतात आणि तार सप्तकात तेच अंतर मोकळे वाटते.

३. गुणोत्तर आणि सेंट यांपैकी कोणते माप वापरावे?

दोन्ही वापरावे लागतात. गुणोत्तरावरून स्वर का जुळतात ते समजते, तर सेंटवरून किती फरक आहे ते समजते. अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये रूढ केलेल्या या मापात एका सप्तकाचे १२०० सेंट आणि पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात. नैसर्गिक पंचम ३:२ म्हणजे ७०२ सेंट, मध्यम ४:३ म्हणजे ४९८ सेंट आणि गंधार ५:४ म्हणजे ३८६ सेंट, एवढे पाठ असले तरी या पानापुरते पुरे आहे.

४. विवादी स्वर म्हणजेच विसंवादी स्वर का? आमच्या क्लासमध्ये दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर काळानुसार बदलते.

भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी ही चौकडी प्रामुख्याने अंतरावर बांधलेली आहे. सप्तकाचे बावीस सूक्ष्म भाग म्हणजे श्रुती. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी आणि ज्यांत दोन किंवा उलट बाजूने मोजल्यास वीस श्रुतींचे अंतर असते ते विवादी. षड्जग्रामात, म्हणजे भरताच्या दोन मूळ स्वररचनांपैकी एकीत, रिषभ-गांधार आणि धैवत-निषाद या जोड्या विवादी ठरतात. म्हणजे भरताचा ‘विवादी’ हा शब्द आजच्या ‘विसंवादी स्वरांतर’ या कल्पनेच्या बराच जवळ आहे. फरक एवढाच की तो सर्व कर्कश अंतरांना लागू होत नाही.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने याच चौघांना राजदरबारातील उपमा दिली: वादी हा राजा, संवादी हा अमात्य, अनुवादी हा सेवक आणि विवादी हा शत्रू. उपमा सुंदर आहे, पण तिच्यामुळे अंतरापेक्षा भूमिका अधिक लक्षात राहिली, असे मला वाटते.

विसाव्या शतकात पंडित भातखंड्यांच्या मांडणीनंतर तर विवादी हा शब्द जवळजवळ पूर्णपणे भूमिकेचा झाला. रागाच्या नियमांत न बसणारा, पण रक्ती, म्हणजे रंजकता, वाढवण्यासाठी कुशल गायकाने क्वचित स्पर्श करावा असा स्वर म्हणजे विवादी. केदार किंवा हमीरमध्ये हलकेच येणारा कोमल निषाद हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. आता कोमल निषादाचे मध्यमाशी अंतर मोजले तर ते नैसर्गिक मध्यमाचे, म्हणजे ४:३ चे भरू शकते. अंतराच्या दृष्टीने तो मध्यमाशी उत्तम जुळतो, तरीही रागाच्या दृष्टीने तो विवादीच असतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की दोन स्वरांच्या अंतराविषयी बोलताना ‘विसंवादी’ म्हणावे आणि रागातील स्थानाविषयी बोलताना ‘विवादी’ म्हणावे. भरताविषयी लिहिताना मात्र त्याचाच शब्द ठेवून तो कोणत्या अर्थाने आहे ते एकदा सांगावे.

५. कॉमा म्हणजे काय, आणि तो एकच असतो का?

कॉमा हे सहसा गायचे अंतर नसून हिशेबात उरलेली बाकी आहे. वेगवेगळ्या वाटांनी एकाच स्वरापर्यंत पोहोचले असता जो लहानसा फरक पडतो, त्याला कॉमा म्हणतात. वाटा अनेक आहेत, म्हणून कॉमेही अनेक आहेत. त्यांतील दोन नेहमी लागतात.

पहिला पायथागोरसचा कॉमा. षड्जापासून एकामागून एक बारा नैसर्गिक पंचम घेत गेले, तर सात सप्तके वर षड्जावर यायला हवे, पण आपण २३.५ सेंट पुढे जातो. दुसरा सिंटॉनिक कॉमा. चार पंचम चढून मिळालेला गंधार ८१:६४ असतो आणि तंबोऱ्याच्या सहायक नादांत ऐकू येणारा गंधार ५:४ असतो. त्या दोघांत ८१:८० म्हणजे २१.५ सेंटचा फरक पडतो. या दोन कॉम्यांतील फरक जेमतेम २ सेंट आहे. त्याला स्किझ्मा असे स्वतंत्र नाव आहे, आणि पुष्कळ लेखांत हे दोन कॉमे एकमेकांत मिसळण्याचे कारणही हीच जवळीक आहे. तीन नैसर्गिक गंधार एकावर एक रचले असता सप्तक ४१ सेंटनी अपुरे राहते. त्या बाकीला डायसिस म्हणतात आणि ती पुढील उत्तरात उपयोगी पडेल.

६. ‘वुल्फ’ हे नाव कोठून आले? लांडग्याचा स्वरांशी काय संबंध?

बारा पट्ट्यांच्या वाद्यात अकरा पंचम आपल्या मनासारखे लावता येतात. बारावा आपण लावत नाही, तो उरतो. अकरा जणांची सर्व बाकी त्या एकट्यावर पडते आणि तो इतका बिघडतो, की चर्चच्या ऑर्गनमध्ये त्याचे विस्पंद लांडग्याच्या विव्हळण्यासारखे ऐकू येत. त्यावरून जर्मन ऑर्गनकारांनी त्याला लांडगा म्हटले. मिखाएल प्रेटोरियस याच्या १६१९ च्या ग्रंथात हा शब्द आढळतो. मराठीत ‘वुल्फ पंचम’ असे लिहिणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण ‘लांडगा पंचम’ म्हटले तर पियानो लावणाऱ्यालाही संदर्भ लागत नाही.

लांडगा कोणत्या रीतीत किती मोठा असतो, हे मात्र सांगावे लागते. पायथागोरसच्या रीतीत अकरा पंचम पूर्ण ७०२ सेंटचे असतात, म्हणून बारावा ६७८.५ सेंट इतका आखूड पडतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात प्रचलित असलेल्या पाव-कॉमा मीनटोन रीतीत गंधार नैसर्गिक यावेत म्हणून प्रत्येक पंचम मुद्दाम ६९६.६ सेंटवर उतरवत. त्यामुळे बारावा, सहसा जी शार्प आणि ई फ्लॅट यांच्यामधला, ७३७.६ सेंटपर्यंत फुगत असे. तो नैसर्गिक पंचमापेक्षा सुमारे ३६ सेंट मोठा आहे. काळी एकच्या उंचीवर असा पंचम वाजवला, तर सेकंदाला आठ-नऊ विस्पंद पडतील. प्रश्न २ मधील पेटीच्या पंचमाशी ते ताडून पाहावे. येथे हेही नोंदवले पाहिजे की पाश्चात्त्य लिपीनुसार जी शार्प ते ई फ्लॅट हे अंतर पंचमाचे नसून उणावलेल्या षष्ठाचे आहे. ते पंचमाच्या जागी वापरले जाते म्हणून त्याला पंचम म्हणायचे.

संगीतकार त्या पट्ट्या टाळूनच रचना करत. काही वाद्यांत काळ्या पट्ट्या दुभागून जी शार्प आणि ए फ्लॅट वेगळे केले जात. या दोन स्वरांत प्रश्न ५ मधील डायसिसइतकेच, म्हणजे ४१ सेंटचे अंतर असते.

७. चेलोवरही ‘वुल्फ’ असतो असे ऐकले. तो हाच का?

तो वेगळा आहे. चेलोमध्ये एखाद्या विशिष्ट स्वराशी वाद्याच्या खोक्याचे कंपन जुळते आणि तार व खोके यांच्यात ओढाताण होऊन तो एकच स्वर गुरगुरतो. तेथे दुसरा स्वर लागत नाही, आणि स्वर लावण्याच्या रीतीशीही त्याचा संबंध नसतो.

८. आपल्या संगीतात बारा पट्ट्यांची सक्तीच नाही, मग वुल्फ पंचम आपल्याकडे असण्याचा प्रश्न येतो का?

येतो, आणि मला या विषयातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

भरताच्या षड्जग्रामात षड्ज चौथ्या श्रुतीवर, रिषभ सातव्या, गांधार नवव्या, मध्यम तेराव्या, पंचम सतराव्या, धैवत विसाव्या आणि निषाद बाविसाव्या श्रुतीवर आहे. रिषभ ते पंचम मोजले तर दहा श्रुती येतात. संवादासाठी नऊ हव्यात. एक श्रुती जास्त आहे, म्हणजे रिषभ आणि पंचम षड्जग्रामात जुळत नाहीत. मध्यमग्रामात, म्हणजे भरताच्या दुसऱ्या स्वररचनेत, पंचम एका श्रुतीने उतरतो आणि हीच जोडी नऊ श्रुतींवर येऊन संवादी होते. श्रुती दाखवण्यासाठी भरताने सांगितलेल्या दोन वीणांच्या प्रसिद्ध प्रयोगाची सुरुवातही पंचम एवढ्याच अंतराने उतरवण्यापासून होते आणि त्या अंतराला भरताने प्रमाणश्रुती म्हटले आहे.

भरताने गुणोत्तरे दिलेली नाहीत. आधुनिक अभ्यासकांच्या एका सर्वमान्य नसलेल्या पण प्रचलित वाचनानुसार तीन श्रुतींचा रिषभ १०:९ आणि पंचम ३:२ धरला, तर त्यांच्यातील अंतर २७:२० म्हणजे ५१९.५ सेंट येते. ते नैसर्गिक मध्यमापेक्षा बरोबर एका सिंटॉनिक कॉम्याने मोठे आहे. तेच उलटे करून पंचम ते तार रिषभ मोजले, तर ४०:२७ म्हणजे ६८०.५ सेंट मिळतात. युरोपीय ग्रंथांत नैसर्गिक सप्तकातील वुल्फ म्हणून जे अंतर येते, ते हेच. तिकडे त्याला एका जनावराचे नाव मिळाले आणि आपल्याकडे त्यातूनच श्रुती ओळखण्याचे प्रमाण निघाले.

आजही हे हाताने अनुभवता येते. भूपासाठी स्वरमंडल लावायला घ्यावे. रिषभ पंचमाशी जुळवला, गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराशी जुळवला. धैवत आता कोणाशी जुळवायचा? गंधाराशी जुळवला तर तो ५:३, म्हणजे ८८४ सेंटवर येतो आणि रिषभासोबत छेडला की डोलतो. रिषभाशी जुळवला तर तो ९०६ सेंटवर जातो आणि गंधाराशी त्याचे पटत नाही. दोघांनाही खूश ठेवणारा धैवत नाही. गायक एक बाजू निवडतो, आणि ही निवड रागाच्या चलनावरून होते.

९. पेटीचा गंधार चुकीचा असतो असे गुरुजी सांगतात, पण पेटी तर नवीन आहे. मग चूक कोणाची?

चूक पेटीची नाही आणि पेटी लावणाऱ्याचीही नाही. पेटी सम विभागलेल्या सप्तकात लावलेली असते. तिने प्रश्न ६ मधील लांडग्याला बारा जणांत समान वाटून टाकले आहे, म्हणून प्रत्येक पंचम फक्त २ सेंटनी आखूड पडतो. त्याची किंमत गंधार भरतो: पेटीचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर, तर तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार ३८६ सेंटवर. जवारी नीट उघडलेल्या तंबोऱ्याशेजारी पेटीचा गंधार लांबवून धरला, की ही १४ सेंटची तफावत लपत नाही. यासाठी ‘बेसूर’ हा शब्द मात्र अन्यायाचा आहे. पेटीचा गंधार तिच्या रीतीत अचूक आहे आणि तंबोऱ्याशी विसंवादी आहे, असे म्हणावे.

या तफावतीवर महाराष्ट्रात फार गांभीर्याने काम झाले आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी, जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स, यांच्या पुढाकाराने श्रुती हार्मोनियमही तयार झाली. अलीकडच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवणारी पेटी घडवली. दुसरीकडे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. त्यामागे स्वरांबरोबरच वाद्याच्या परकेपणाचाही आक्षेप होता. आपण मात्र त्या वाद्याला संवादिनी हे नाव देऊन घरात घेतले आहे, आणि उत्तम साथीदार विलंबित आलापात गंधारावर बोट किती हलके ठेवतो हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हे नाव मनापासून पटते.

१०. पाश्चात्त्य शिक्षक ‘फोर्थ’ला विसंवादी म्हणतात आणि आपण षड्ज-मध्यम संवाद म्हणतो. बरोबर कोण?

दोघेही बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ४:३ हे अंतर प्राचीन ग्रीकांच्या हिशेबात संवादीच होते आणि भरताच्या नऊ श्रुतीही त्याच बाजूच्या आहेत. पुढे युरोपात अनेक स्वरावली एकत्र गुंफण्याचे शास्त्र तयार झाले. त्यात सर्वांत खालच्या आवाजावर मध्यम उभा राहिला, की तो गंधाराकडे उतरण्याची अपेक्षा निर्माण करतो, म्हणून त्याला विसंवादी मानले गेले. तेथील ‘विसंवाद’ हा शब्द कानाला होणाऱ्या त्रासाविषयी नाही, चालीच्या गरजेविषयी आहे. उलट दिशेने, ग्रीकांनी संवादी न मानलेला गंधार युरोपाने मध्ययुगात अपूर्ण संवादी म्हणून स्वीकारला.

११. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या अंतराला सैतानाचे नाव होते आणि चर्चने त्यावर बंदी घातली होती, हे खरे आहे का?

नाव खरे आहे, बंदीच्या कथेला मात्र आधार नाही. तीन पूर्ण स्वरांचे अंतर म्हणून याला ट्रायटोन म्हणतात. गायकाला ते अवघड जाते म्हणून ते टाळण्याचे नियम मध्ययुगात होते, पण सैतानाचे नाव ज्या लेखनात ठळकपणे भेटते ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. या अंतराचे मापही एक नाही: ४५:३२ धरल्यास ५९० सेंट, पायथागोरसच्या रीतीत ६१२ आणि पेटीवर बरोबर ६००. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो तेव्हा हेच अंतर किती मोहक होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

१२. मारव्यात वादी कोमल रिषभ आणि संवादी शुद्ध धैवत सांगतात. पण हे दोन स्वर जुळतच नाहीत. मग धैवत संवादी कसा?

हा आक्षेप योग्य आहे. कोमल रिषभ ते शुद्ध धैवत हे अंतर पेटीच्या आठ पट्ट्यांचे आहे. पंचमभावाला (षड्ज-पंचमाइतक्या अंतराला) सात आणि मध्यमभावाला (षड्ज-मध्यमाइतक्या अंतराला) पाच लागतात. भरताच्या अर्थाने ही जोडी संवादी नाही. मारव्यात पंचम वर्ज्य आहे आणि कोमल रिषभाशी पंचमभाव साधणारा कोमल धैवतही नाही, म्हणून रागातील दुसरे बलवान स्थान शुद्ध धैवताला मिळते आणि परंपरेने त्याला संवादी हे पद दिले जाते. प्रश्न ४ मध्ये विवादी शब्दाचे जे झाले, तेच येथे संवादी शब्दाचे झाले आहे: अंतराचा शब्द भूमिकेचा झाला. मारव्याची हुरहुर बऱ्याच अंशी या न जुळणाऱ्या जोडीमुळेच आहे, असे माझे मत आहे.

१३. विस्पंद नेहमीच टाळायचे असतात का?

नाही. बाली बेटावरील गामेलानमध्ये वाद्यांच्या जोड्या मुद्दाम थोड्या फरकाने लावतात. त्या थरथरीला ‘ओम्बाक’, म्हणजे लाट म्हणतात आणि तिच्याशिवाय आवाज निर्जीव मानला जातो. तेथे जुळलेली जोडी हाच दोष ठरतो, म्हणून अशा संगीताच्या वर्णनात विस्पंदांना विसंवाद म्हणू नये.

१४. मोबाइलमधील ट्यूनर माझा गंधार १४ सेंट उतरलेला दाखवतो. मी गंधार वर न्यावा का?

नेऊ नये. ट्यूनरचा शून्य पेटीच्या सप्तकाचा असतो. तंबोऱ्यावर नीट लागलेला शुद्ध गंधार त्यावर उणे १४ दाखवतो. त्याच हिशेबाने रिषभ अधिक ४, मध्यम उणे २, पंचम अधिक २ आणि शुद्ध निषाद उणे १२ दिसतो, तर कोमल गंधार ६:५ चा असल्यास अधिक १६ दिसतो. धैवत उणे १६ किंवा अधिक ६ यांपैकी कोठेही असू शकतो. त्याचे कारण प्रश्न ८ मधील स्वरमंडलात आहे. सरावाच्या वेळी ट्यूनर फक्त तंबोऱ्याचा षड्ज आणि पंचम तपासण्यापुरता वापरावा, मग तो बंद करून गंधार तंबोऱ्यावर लावावा आणि थरथर थांबेपर्यंत धरून ठेवावा.